बिलावर बोअरचं माप लिहा

इंजिनचं काम करून आणलेल्या कुणालाही विचारा, बोअर किती झाला? उत्तर येईल, ‘केलाय ना बोअर!’ बिल बघावं तर त्यावर ‘बोरिंग, एक नग’. माझं भांडण त्या ‘एक नग’शी आहे.

मी कडोदऱ्यात मिलमध्ये फिटर, मूळचा धुळ्याकडचा. सुरत–बारडोली रस्ता इथे मुंबई–अहमदाबाद हायवे ओलांडतो आणि पुढे व्यारा, सोनगड, नवापूर करत आम्हाला गावी नेतो. आखाजीच्या सणाला एसटीत पाय ठेवायला जागा नसते. मग बायको, पोर, पिशव्या असा सगळा संसार शंभर सीसीच्या गाडीवर निघतो. काही वर्षांनी गाडी ऑइल खायला लागते, निळा धूर सोडते आणि खोलीपुढच्या ओट्यावर इंजिन उघडावं लागतं. उघडणं-जोडणं घरी जमतं. ब्लॉक मात्र बोरिंगवाल्याकडेच न्यावा लागतो.

माझ्या स्प्लेंडरचा कंपनीचा बोअर 50 मिलिमीटर. पण सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून माघारी फिरते तिथे ऑइल कमी आणि दाब जास्त, म्हणून तिथे तो सर्वांत जास्त खाल्ला जातो. तळाशी जवळजवळ कोराच राहतो. शिवाय पिस्टन एका बाजूला रेटतो, त्यामुळे गोलाचा लंबगोल होतो. म्हणून वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं अशी सहा मापं घ्यायची. आत बोट फिरवून ‘चालेल अजून’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत आणि ब्लॉक उचलून चालू पडावं.

मोठ्या मापाचा नवा पिस्टन आधी आणा, हेही तितकंच महत्त्वाचं. डब्यावर 0.25 छापलेलं असलं तरी बोअर करायचा तो हातातल्या पिस्टनच्या स्कर्टचं माप घेऊन. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते. ती कमी पडली तर कोंडाईबारीच्या घाटात, भर उन्हात, पिस्टन जाम. जास्त झाली तर गार इंजिन खडखडतं.

बोअर केल्यावर आतून दगडाने घासतात, ते होनिंग. त्यानंतर आत तिरप्या रेघांची जाळी दिसते, तिच्यात ऑइल टिकतं. पण होनिंगच्या दगडाची भुकटीही तिथेच बसते. पुष्कळजण पेट्रोलचा फवारा मारून तसंच जोडतात. पेट्रोलने ती सगळी निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश. मग पांढरं फडकं फिरवायचं. फडकं करडं आलं की पुन्हा धुवायचं. स्वच्छ आलं की पुसून लगेच ऑइल लावायचं, नाहीतर बिडाची स्लीव्ह बघता बघता गंजते.

चांगल्या बोरिंगवाल्याला यातलं काही शिकवावं लागत नाही. डायल गेज त्याच्याकडे असतो, मापंही तो घेतो. फक्त ती त्याच्या डोक्यात राहतात. पुढे पिस्टन जाम झाला की मिस्त्री बोरिंगवाल्याकडे बोट दाखवतो, बोरिंगवाला पिस्टनवाल्याकडे, आणि भुर्दंड गाडीवाल्याला. कापडाच्या ताक्यावर मीटर लिहिल्याशिवाय माल न हलवणारं हे सुरत. ब्लॉकच्या बाबतीतच सगळं तोंडी का?

कंपन्याही यातून सुटत नाहीत. बोअर किती झिजेपर्यंत चालतो, हा आकडा वर्कशॉपच्या पुस्तकात असतो, गिऱ्हाइकाच्या पुस्तिकेत सहसा नसतो. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तिथे आधी हे आकडे टाका, मॉडेलवार. यामाहाच्या आर15 मध्ये अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनचा सिलिंडर आला, त्याला बिडाची स्लीव्हच नाही. तो हलका आहे, उष्णता लवकर सोडतो, तक्रार नाही. पण अशा सिलिंडरला नेहमीसारखा बोअर करून मोठा पिस्टन बसवता येत नाही, हे गाडी घेणाऱ्याला शोरूममध्येच कळायला हवं.

बोरिंगवाल्याकडे माझं मागणं मोठं नाही. बोअर करण्याआधीची सहा मापं, नंतरची सहा, पिस्टनचं माप, तारीख आणि सही. लिहायला फार वेळ लागत नाही. त्याचे वीस रुपये जास्त लावले तरी मी देईन.