रेंज हवीच, पण काळोखही राहू द्या! उपग्रहांच्या चमकेचा हिशोब

ठाणे : दिवेलागणीनंतर न लुकलुकणारा ठिपका आभाळात सरळ सरकताना दिसला, की गावात चर्चा सुरू होते. कुणी विमान म्हणतं, कुणी ड्रोन. विमानाला लाल-हिरवे दिवे असतात, उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे अंधार पडला तरी चार-पाचशे किलोमीटर वर ऊन असतं. तेच त्याच्या अंगावर पडून खाली येतं. म्हणून तो बहुतेक संध्याकाळी नाहीतर पहाटे दिसतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच विझतो.

तेजाचं माप उलटं असतं. आकडा लहान तितकी चमक जास्त. ध्रुवतारा २, शुक्र उणे ४ च्या आसपास. काळोख्या रानात नुसत्या डोळ्यांना साधारण ६ पर्यंत दिसतं. अंतराळ स्थानक कधीकधी शुक्राइतकं चमकतं, ते नौपाड्यात गोखले रोडवरच्या गच्चीवरूनही दिसेल. पण ५ तेजाचा उपग्रह तिथल्या दिव्यांत हरवतो. तोच मुरबाड-शहापूरच्या काळोख्या शिवारातून दिसतो.

आता उपग्रह मोठे होताहेत. २०२२ मध्ये सोडलेल्या अमेरिकी ब्लूवॉकर ३ ची अँटेना ६४ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. ती उघडल्यावर तो ०.४ पर्यंत चमकला. त्याच कंपनीचा ब्लूबर्ड ब्लॉक-२ इस्रोच्या रॉकेटने २४ डिसेंबर २०२५ ला वर नेला. त्याची अँटेना २२३ चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून मोठी.

हे उपग्रह थेट मोबाइलला रेंज देण्यासाठी आहेत. टेकडी चढून फोन लावणाऱ्या पाड्यांना ती हवीच. राज्य सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबारसारखे जिल्हे आहेत.

पण शहराचं आभाळ दिव्यांनी आधीच गेलंय. तारे बघायला ठाणे-मुंबईची मंडळी वर्षानुवर्षे वांगणीला येत आली. म्हणजे या चमकेचा भार पडणार तो गावाकडच्या उरल्यासुरल्या काळोखावर.

उपाय नाही असं नाही. उपग्रह ७ पेक्षा मंद ठेवा, अशी आंतरराष्ट्रीय खगोल संघाची शिफारस आहे, मात्र सक्ती नाही. स्टारलिंकने ऊन अडवणारे पडदे लावून चमक कमी करून दाखवली. म्हणजे जमतं. मग परवाना देतानाच सरकारने ही अट घालावी. एकदा हजारो उपग्रह वर गेले, की त्यांना पडदे लावायला कुणी जाणार नाही.