शिंगे वाघासाठी नव्हेत



चितळाची शिंगे वाघापासून बचावासाठी असतात, असे गेल्या अंकातील पत्रात वाचले. हे मुळीच पटत नाही. वाघ मादीलाही खातो. मग ती बिनशिंगी का? नराची शिंगेही दरवर्षी गळतात. नवी फुटतात तेव्हा मखमली कातडीखाली इतकी हळवी असतात की टक्करही सोसत नाही. ही हत्यारे नरानरांतल्या झुंजीची, मादीसाठीची. डार्विनने १८७१ मध्येच हे मांडले.

झुंजीची अशीच शिंगे शेणकिड्यांतही पाहावीत. मोठा शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो आणि बिनशिंगी छोटा नर बाजूने बोगदा खणून मादी गाठतो! काही जातींत या छोट्याचे वृषण शरीराच्या मानाने मोठे असतात, कारण त्याची लढाई शुक्राणूंची असते.

– एक वाचक, भंडारा