आयर्विनला किती फूट?

मध्यंतरी एका वीकएण्डला मैत्रिणीबरोबर सांगलीला फ्लॅट बघायला गेले होते. मॅडमची नोकरी पुण्यात, पण घर मात्र आपल्या गावातच हवं! सेल्स ऑफिसात एसी, कॉफी आणि भिंतीवर भलामोठा टीव्ही. त्यावर थ्रीडी वॉकथ्रू चालू. गेट उघडतं, कारंजं उडतं, लिफ्टमधून आपण थेट बाल्कनीत, पडदा वाऱ्यावर हलतोय. एकदम सही!

सोबत तिचे आजोबा होते. त्यांनी सगळा पिक्चर शांतपणे बघितला आणि एकच प्रश्न टाकला, "आयर्विनला किती फूट झाल्यावर तुमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं?"

सेल्सवाला हसला. "काका, इकडं नाही येत हो पाणी."

"तेच विचारतोय. किती फुटाला नाही येत?"

पुढचं उत्तर काही आलं नाही. आम्ही कॉफी संपवली आणि निघालो.

सांगलीबाहेरच्या मंडळींना आजोबांचा फंडा सांगायला हवा. आयर्विन पूल म्हणजे कृष्णेवरचा १९२९चा दगडी पूल. पावसाळ्यात अख्खं शहर तिथली पाणीपातळी विचारत असतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९मध्ये हा आकडा ५७च्या वर गेला, जुलै २०२१मध्ये ५४च्या वर. हा आकडा ऐकला, की प्रत्येक सांगलीकर मनातल्या मनात हिशेब मांडतो. कुणी म्हणतं, आमच्या अंगणात ४४ला येतं. कुणी म्हणतं, पन्नाशीपर्यंत आपल्याला टेन्शन नाही. साताऱ्याकडे पाऊस कोसळतो, कोयनेचे दरवाजे उघडतात, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि इकडे सांगलीत फ्रीज माळ्यावर चढतो.

म्हणजे बघा, शहराचं थ्रीडी मॉडेल सांगलीकरांच्या डोक्यात तयारच आहे, तेही सॉफ्टवेअरशिवाय! प्रॉब्लेम एवढाच, की ते कुणाला फॉरवर्ड करता येत नाही. नवीन भाडेकरू, बदलीवर आलेला बँकवाला, पुण्यात बसून ईएमआयचं गणित करणारी माझी मैत्रीण.. यांच्या डोक्यात ते नसतं. त्यांच्या हातात असतं फक्त ब्रोशर.

आणि सरकारी कागद? तो असतो की! शहराचा विकास आराखडा १९६६च्या नगररचना कायद्याप्रमाणे आधी प्रारूप म्हणून जाहीर करावा लागतो आणि त्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. पण हा आराखडा म्हणजे रंगीत, सपाट नकाशा. पिवळा रंग राहण्यासाठी, निळा दुकानांसाठी, हिरवा शेतीसाठी. नदीकाठच्या गावांत त्यावर पूररेषाही येतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता खरं सांगा, असा नकाशा बघून तुमच्या खिडकीपर्यंत पाणी येणार का, हे तुम्हाला कळेल? नकाशा रेषा कुठून जाते ते सांगतो. पाणी कमरेएवढं असेल की डोक्यावरून जाईल, ते नाही सांगत.

साताऱ्यात भानगड वेगळी, पण मुद्दा तोच. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बसलेलं. कासचं पाणी डोंगरावरून उताराच्या जोरावरच शहरात येतं. तिथं कुठलं घर किती उंचावर, यावर बरंच काही ठरतं. पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटरच घ्या. २०१८मध्ये काम सुरू झालं, २०२१च्या जानेवारीत तो खुला झाला. वर रस्ते, खाली रस्ते, खालच्यांना पुन्हा फाटे! अशी गोष्ट सपाट कागदावर बघून कोण काय हरकत घेणार? तेच मॉडेल आधी मोबाईलवर फिरवून बघता आलं, तर नाक्यावरचा रिक्षावालाही सांगेल, कुठं गाडी अडकणार आणि म्हातारी माणसं रस्ता कुठून ओलांडणार.

गंमत बघा. वस्तू विकायची असते तेव्हा थ्रीडी, आणि मत विचारायचं असतं तेव्हा सपाट कागद!

हे काही स्वप्नरंजन नाही. बर्लिननं आपल्या ५ लाखांहून जास्त इमारतींचं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलंय. हेलसिंकीनंही केलंय. नेदरलँड्सची मोठी जमीन समुद्रपातळीच्या खाली, त्यामुळे ते तर एक पाऊल पुढे. तिथं ‘ओव्हरस्ट्रोम इक?’, म्हणजे ‘मी बुडणार का?’ अशा नावाची एक सरकारी सोय आहे. आपला पोस्टकोड टाकायचा, आपल्या भागात पाणी किती उंच चढू शकतं ते समोर येतं. आजोबांचाच प्रश्न, फक्त डच भाषेत!

आपल्याकडेही २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात, २०३५पर्यंत मोठ्या शहरांची अशी डिजिटल प्रतिकृती करायचं म्हटलंय. ड्रोननं जमिनीचे चढउतार मोजायचे, त्यावर इमारती त्यांच्या उंचीसकट उभ्या करायच्या आणि साध्या ब्राउझरमध्ये उघडेल असं करायचं. हे तंत्र आता नवीन राहिलेलं नाही. प्रश्न आहे तो हा, की ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर राहणार की तुमच्या-माझ्या फोनवर येणार?

आता दुसरी बाजू. मैत्रिणीच्या मावशीचं घर नदीच्या बाजूला आहे. ती म्हणाली, "माझं घर निळ्या पाण्यात बुडालेलं साऱ्या जगाला दाखवाल, मग ते विकत कोण घेणार?" या प्रश्नावर मी गप्प झाले. तिची आयुष्यभराची कमाई त्या भिंतींत आहे. शिवाय मॉडेल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. नाल्यातून उलटं येणारं पाणी, मध्येच टाकलेला भराव, यानं गणित बदलतं. म्हणून ‘इथं पाणी येणार नाही’ असं ठणकावून सांगणारं मॉडेल त्या सेल्सवाल्यापेक्षाही डेंजर! अंदाज अंदाज म्हणूनच दाखवायला हवा, आणि लोकांना तो दुरुस्तही करता यायला हवा. ‘आमच्या गल्लीत २०१९ला इथपर्यंत होतं’ हे मावशीइतकं नेमकं कुठला ड्रोन सांगणार?

पण लपवल्यानं मावशीचं घर काही उंच होत नाही. शेजाऱ्यांना सगळं ठाऊकच असतं. अंधारात राहतो तो फक्त नवा माणूस, तोही वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन. आणि तोटा सगळ्यांसमोर आला, तर निदान मावशीला सरकारकडे काहीतरी मागता तरी येईल.

त्या दिवशी साइटवरून निघताना आजोबांनी रिक्षा पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी थांबवली. टपरीवाल्यानं काही न बोलता मागच्या भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. माझ्या खांद्याच्या थोडी वर. "एकोणीसची," तो म्हणाला.

मैत्रिणीनं त्या रेघेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. फ्लॅट अजून बुक केलेला नाही. तुमच्या गावाचा आराखडा हरकतींसाठी येईल तेव्हा एक अर्ज तुम्हीही टाका. फार काही लिहू नका. एवढंच लिहा, की नकाशा मिळाला, आता उंचीही दाखवा.