एका टिंबाची किंमत

तापाने फणफणलेल्या आठ महिन्यांच्या बाळाला मी पॅरासिटामॉलचे थेंब लिहून दिले. मात्रा लिहिली .८ मि.ली. तासाभराने बाळाची आजी परत आली. "डॉक्टरसाहेब, बाटली १५ मि.ली.ची. आठ दिले तर एका वेळेलाच निम्मी संपेल. बरोबर आहे ना?" माझ्या अंगावर काटा आला. टिंब पुसट उमटले होते. चूक माझीच, टिंबाआधी शून्य लिहायला हवे होते.

या थेंबांच्या १ मि.ली.मध्ये बहुधा १०० मि.ग्रॅ. औषध असते. किलोमागे ०.१ मि.ली. धरले, तर ८ किलोच्या बाळाला ०.१ × ८ = ०.८ मि.ली. टिंब हरवले की दहापट औषध पोटात जाते आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. सिरपचे प्रमाण निराळे असते. त्याचा चमचा थेंबांना वापरू नये.

माझे स्पष्ट मत आहे, की मात्रा आम्ही डॉक्टरांनी अक्षरांतही लिहावी आणि पालकांनी बाटलीवरचा मजकूर ताडून पाहावा. शंका आली तर औषध पाजण्याआधी विचारा. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसू नका. त्या आजींनी विचारले, म्हणून बाळ वाचले.