बुडाले ते जहाज, नोंदी नव्हेत

‘पूर्वज समुद्रात बुडाला, शोध संपला’ हे विधान इतिहासाचे नव्हे, आळसाचे आहे. २८ जून १९०४ रोजी ‘नॉर्गे’ हे न्यूयॉर्कला निघालेले डॅनिश जहाज रॉकॉलजवळ खडकावर आदळून बुडाले. ६०० हून अधिक माणसे गेली. त्यांत नॉर्वेचे स्थलांतरित पुष्कळ होते. परंतु क्रिस्तियानियाचे, म्हणजे आजच्या ओस्लोचे, पोलीस १८६७ पासून स्थलांतरितांची नोंद ठेवीत होते. तेथे आजचे आडनाव शोधणारा रित्या हातांनीच परततो. कारण नॉर्वेत स्थिर आडनाव सक्तीचे झाले १९२३ च्या कायद्याने. त्यापूर्वी ग्रामीण माणूस पित्याच्या आणि शेतवाडीच्या नावाने ओळखला जाई. तेव्हा मित्रहो, आधी शेतवाडी शोधा, मग तेथील चर्चची बाप्तिस्मा-नोंदवही उघडा. आडनाव न सापडणे हा माणूस नसल्याचा पुरावा नव्हे.