शंभर गुणांच्या आड

आकडे खोटे बोलत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. ते सर्व काही बोलतात असे मात्र नव्हे, आणि आकड्यांवरून माणसांची योग्यता ठरवणाऱ्यांना नेमका याच भेदाचा विसर पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासातील एका गाजलेल्या सामन्याचा तक्ता या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

२ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या चॉकलेटच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी फिलाडेल्फिया वॉरियर्सने न्यूयॉर्क निक्सचा १६९ विरुद्ध १४७ असा पराभव केला. विजयी संघाच्या विल्ट चेंबरलेनने एकट्याने १०० गुण मिळवले. सहा दशके उलटून गेल्यावरही हा विक्रम अबाधित राहिला. सामना पाहण्यास जेमतेम ४,१२४ प्रेक्षक हजर होते आणि दूरचित्रवाणीवर तो दाखवलाच गेला नाही. त्या रात्रीचा मुख्य साक्षीदार म्हणून उरला तो हिशेबाचा कागद. संघाचे आकडे टिपणारे हार्वे पोलॅक यांनी एका कोऱ्या कागदावर '१००' असे लिहून चेंबरलेनच्या हाती दिले आणि ते छायाचित्र जगभर पोहोचले. तेव्हापासून तो सामना म्हणजे ते तीन अंक, असे समीकरण होऊन बसले.

तथापि संपूर्ण तक्ता वाचणाऱ्यास निराळीच हकीकत दिसते. चेंबरलेनने ६३ वेळा चेंडू बास्केटकडे फेकला आणि ३६ वेळा तो आत गेला. याखेरीज ३२ फ्री थ्रोंपैकी २८ त्याने साधले. त्या हंगामात शंभरातील सुमारे ६१ फ्री थ्रो साधणाऱ्या या खेळाडूच्या दृष्टीने हे यश अपूर्वच होते. त्याच कागदावर गाय रॉजर्सच्या नावापुढे २० असिस्टची नोंद आहे; म्हणजे सहकाऱ्याच्या हाती नेमका चेंडू देऊन वीस बास्केट त्याने घडवून आणली. अल अ‍ॅटल्सने आठ वेळा चेंडू फेकला व आठही वेळा तो आत गेला; एकच फ्री थ्रो मिळाला, तोही त्याने साधला. एकही फेक न हुकवता मिळवलेले ते १७ गुण आज फारसे कोणास आठवत नाहीत. शिखराचे छायाचित्र काढताना पायथा चौकटीबाहेर राहतो, तसेच हे झाले.

आकड्याचा लोभ सुटला की मूळ कार्याचे स्वरूप कसे पालटते, हेही त्या रात्री दिसले. अखेरच्या मिनिटांत निकाल ठरून गेला होता, तरी चेंबरलेनपर्यंत चेंडू पोहोचू नये म्हणून निक्सचे खेळाडू इतरांवर मुद्दाम फाउल करू लागले. आणि चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सनेही, आघाडीवर असताना, तोच मार्ग धरला. दोन संघांतील झुंज संपली आणि एका संख्येभोवतीची ओढाताण तेवढी उरली.

त्या हंगामात चेंबरलेनने दर सामन्यास सरासरी ५०.४ गुण मिळवले. तरीही त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलची. त्याची सरासरी होती १८.९. ही निवड त्या काळी स्वतः खेळाडूंच्या मतांनी होत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना या दोघांशी मैदानावर झुंजावे लागत होते, त्यांनी गुणांचा ढीग बाजूस सारून रसेलला कौल दिला. रसेलचे सामर्थ्य प्रतिपक्षाची फेक हवेतच अडवण्यात आणि अडवलेला चेंडू आपल्या सहकाऱ्याकडे वळवण्यात होते. परंतु अडवलेल्या फेकींची नोंद ठेवण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. एनबीए या संघटनेने ती १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली; तोवर रसेल आणि चेंबरलेन दोघेही निवृत्त झाले होते. तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या पुरुषाच्या मुख्य गुणासाठी अधिकृत तक्त्यात रकानाच नव्हता!

मग आकडे टाकून द्यावेत काय? असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. रॉजर्स आणि अ‍ॅटल्स यांचा वाटा आज सांगता येतो तो त्याच कागदामुळे. पोलॅकसारख्यांनी निष्ठेने टिपणे ठेवली नसती, तर केवळ दंतकथा उरल्या असत्या आणि दंतकथेत दुय्यम पात्रांना जागा नसते. पुढे या शास्त्राने प्रगतीही केली. एखादा खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला, हे मोजले जाऊ लागले. २०१३-१४ पासून तर एनबीएच्या सर्व मैदानांवर प्रत्येकाची हालचाल टिपणारे कॅमेरे आले. म्हणजे जुना हिशेब अपुरा होता, हे हिशेब ठेवणाऱ्यांनीच मान्य केले. दोष मोजण्यात नव्हता. जेवढे मोजले तेवढेच घडले, असे समजण्यात तो होता.

ही गोष्ट बास्केटबॉलपुरती नाही. शाळेच्या निकालाची टक्केवारी जाहीर होते. शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलाला वर्गात टिकवून धरणाऱ्या शिक्षकाचे श्रम त्या टक्केवारीत दिसत नाहीत. कचेरीत निकाली काढलेल्या प्रकरणांची संख्या वरिष्ठांकडे जाते; अडलेल्या माणसाला योग्य अर्ज भरून देणाऱ्या कारकुनाची अर्धी दुपार कोणत्याही तक्त्यात चढत नाही. अशा कामाची दखल घ्यावयाची तर आकडे मागणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. समोरचा कागद पहिल्या ओळीवर न थांबता शेवटपर्यंत वाचावा. आणि कोणता रकाना आखायचा राहून गेला आहे, हे शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांना विचारावे. १९६२ साली त्या खेळाडूंना ते ठाऊक होते. अधिकृत तक्त्याला ते कळण्यास आणखी अकरा वर्षे लागली.