केस गळताहेत? आधी प्रकार ओळखा

फणीत केसांचा गुंता दिसला की घरोघरी उपायांची चर्चा सुरू होते. कुणी माक्याचे तेल सुचवते, कुणी कांद्याचा रस, तर कुणी महागडा शाम्पू. पण केस गळणे हा एकच आजार नाही. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसेच केसही अनेक कारणांनी गळतात. कारण चुकले की उपचारही चुकतो.

याचे अलीकडचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस एकाएकी मुठीने हातात येऊ लागले. काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. अठरा गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद आहे. लहान मुले, कॉलेजातल्या मुली, म्हातारी माणसे, कुणीच सुटले नाही. लाजेपायी अनेकांनी उरलेले केसही काढून टाकले. मुलामुलींचे शिक्षण आणि जमत आलेली लग्ने अडली. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. बुरशीचा संसर्ग असावा, असेही आधी वाटले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र लोकांच्या ताटात काय आहे ते पाहिले. रेशनच्या गव्हात सेलेनियम हे खनिज दर किलोला १४.५२ मिलिग्रॅम आढळले. रुग्णांच्या रक्तात ते सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते, तर जस्त कमी झाले होते. सेलेनियम शरीराला लागते, पण दिवसाला ग्रॅमच्या काही लाखांश भागाइतकेच. ते फार वाढले की केस आणि नखे गळतात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये याच भागात काहींची नखे गळाल्याच्या तक्रारी आल्या. डॉ. बावस्करांचा हा निष्कर्ष ध्यानात घेतला, तर अशा केसगळतीवर तेल किंवा मलम काय करणार? तिथे आधी धान्यच बदलायला हवे.

रोजची गळती

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेऊन गळतो आणि त्या जागी नवा उगवतो. त्यामुळे न्हाताना चार केस हातात आले म्हणून घाबरू नये.

आजारपणानंतरची गळती

टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठे ऑपरेशन किंवा कडक उपासाने घटवलेले वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस एकदम गळू लागतात. कारण जुने असल्याने ते लक्षातच येत नाही. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. न थांबल्यास हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइडची तपासणी करावी. स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता विशेष आढळते.

आनुवंशिक टक्कल

पुरुषांत कपाळाच्या दोन्ही बाजू आणि टाळू उघडी पडते, तर स्त्रियांत भांग रुंदावत जातो. हे हळूहळू होते. यावर मिनॉक्सिडिल लावतात. मुळात हे रक्तदाबाचे औषध. सुरुवातीला थोडे जास्त केस गळू शकतात आणि फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध सोडले की लाभही ओसरतो. पुरुषांना फिनास्टेराइडच्या गोळ्याही देतात, पण त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. गर्भवतींनी त्या मुळीच घेऊ नयेत, गर्भातील मुलाला अपाय होऊ शकतो.

चाई

नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, की लोक 'केसांना कीड लागली' म्हणतात. प्रत्यक्षात तिथे कीड नसते. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई संसर्गजन्य नाही, त्यामुळे मुलाचा कंगवा वेगळा ठेवून त्याला हिणवू नये. लहान चट्टे अनेकदा वर्षभरात आपोआप भरतात. गरज पडल्यास त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. लसूण चोळल्याने कातडी मात्र भाजते.

मुलांच्या डोक्यावरचा नायटा

चट्ट्यावर खपल्या, खाज आणि तुटलेले केस दिसले तर ती बुरशी असू शकते. ही एकमेकांना लागते, म्हणून इथे टोपी, टॉवेल, कंगवा वेगळा ठेवावा. नुसते मलम मुळापर्यंत पोहोचत नाही. काही आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते.

ओढलेले केस

रोज घट्ट वेणी किंवा अंबाडा घातल्याने कपाळाकडचे केस मागे सरकतात. वेळीच केस सैल बांधायला सुरुवात केली तर ते परत येतात. वर्षानुवर्षे ताण पडला, तर मुळे कायमची मरतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

केस एकाएकी मुठीने गळू लागले, टाळूवर दुखणे, पू किंवा व्रण असतील, किंवा चट्ट्यावरची त्वचा चकाकून केसांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर थांबू नये. व्रण पडलेल्या जागी केस परत उगवत नाहीत, उरलेले मात्र वाचवता येतात. एकाच घरात किंवा गावात अनेकांचे केस गळत असतील, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे आणि घरातले धान्य व पाणी तपासणीसाठी राखून ठेवावे.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: गळती कधी सुरू झाली, सगळीकडे आहे की एकाच जागी, मागील तीन-चार महिन्यांत कोणता आजार झाला आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. एवढ्या माहितीवरून निदानाचे निम्मे काम होते आणि निरुपयोगी बाटल्यांवरचा खर्चही वाचतो.